बोका रात्रभर कुठे असतो? गळपट्ट्यातल्या ट्रॅकरबद्दल माहिती हवी आहे

कौलारू
नमस्कार मंडळी. आम्ही वाईत मधल्या आळीत जुन्या वाड्यात राहतो. आमचा गुंड्या हा काळा बोका, वय तीन वर्षं, वजन सव्वाचार किलो. संध्याकाळी कौलांवरून निघतो आणि पहाटे दूधवाल्याच्या आधी परत येतो. हे त्याचं लहानपणापासूनचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाळीनंतर दोन गोष्टी बदलल्या. सकाळी तो जेवणाकडे बघतही नाही, तरी वजन वाढतंय. आणि पोटाखालचे केस पांढरट होऊन येतात, हात फिरवला की बोटांना भुकटी लागते. पीठ असेल तर ठीक. पण चुना किंवा उंदीर-झुरळं मारायची पावडर असेल तर ती चाटून त्याच्या पोटात जाणार, आणि मला तीच काळजी आहे.

मागे मागे जायचा प्रयत्न केला, पण दोन वाड्यांच्या मधल्या बोळात तो शिरला की संपलं. म्हणून गळपट्ट्यात बसेल असा एखादा ट्रॅकर शोधतेय. मोबाइलवर थेट दिसलंच पाहिजे असं नाही, रात्रभरात कुठे कुठे गेला ते सकाळी कळलं तरी चालेल. कोणी वापरलंय का? वजन किती चालतं? नदीपलीकडे उसाचे फड आहेत, तिथे जात असेल का, हाही प्रश्न आहे.

लिंबोणी
आधी एक बिनखर्चाचा उपाय करून बघा. पातळ कागदाच्या पट्टीवर लिहा, "हा आमचा बोका आहे. तुमच्याकडे येतो का? काय खातो?" खाली फोन नंबर लिहा आणि पट्टी गळपट्ट्याला चिकटपट्टीने गुंडाळा. आमच्या मनीला तीन घरांत तीन नावं होती, ते असंच कळलं. आता त्या तिन्ही घरांशी आमचं येणंजाणं आहे.

वाटसरू७
मायक्रोचिप बसवून घ्या ना. भावाच्या लॅब्राडॉरला बसवली आहे. मोबाइलवर लोकेशन दिसत असेल.

थेम्सकाठी
वाटसरू, हा समज फार लोकांचा असतो. मायक्रोचिपमधून लोकेशन कळत नाही. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात बॅटरीच नसते. पशुवैद्याने वाचनयंत्र मानेजवळ, अगदी काही सेंटिमीटरवर धरलं की त्या यंत्राच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ अंकी क्रमांक सांगते. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला २० आठवड्यांचं होण्याआधी चिप बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण तिचा उपयोग हरवलेलं मांजर सापडल्यावर मालक कोण ते कळण्यासाठी. ते कुठे आहे हे ती सांगू शकत नाही.

इथे बऱ्याच घरांना मांजरासाठी दारात झडप असते. चिपचा क्रमांक ओळखून उघडणाऱ्या झडपा मिळतात, त्यातल्या काही जाण्यायेण्याची वेळही नोंदवतात. वाड्याच्या कौलांना मात्र त्याचा उपयोग नाही.

सोल्डरवाला
कौलारूताई, "सकाळी कळलं तरी चालेल" हे तुम्ही लिहिलंत त्यामुळे निम्मं काम सोपं झालं. बहुतेक लोक थेट लोकेशनच्या मागे लागतात आणि तिथेच वजन, बॅटरी आणि खर्च वाढतो. माझा धंदा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्लूटूथ टॅग, उदाहरणार्थ २०२१ मध्ये आलेला ॲपलचा एअरटॅग, ११ ग्रॅमचा आहे आणि नाण्यासारख्या बॅटरीवर साधारण वर्षभर चालतो. पण त्यात जीपीएस नाही. आजूबाजूने जाणाऱ्या कोणाच्या तरी आयफोनला तो जाणवला तरच जागा कळते. पुण्याच्या सोसायटीत ठीक, पण रात्री दोन वाजता वाईच्या बोळात कोणाचा आयफोन जाणार? शिवाय हा टॅग वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही, असं कंपनीच सांगते.

सिमकार्डवाला ट्रॅकर थेट दाखवतो. घरी बनवायचा असेल तर बाजारात स्वस्त मिळणारं मॉड्यूल फक्त २जीचं असतं आणि जिओचं २जी नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणारच नाही. टॉवरशी बोलताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. छोट्या बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यात कोसळतं आणि सगळं यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मोठी बॅटरी लावायची तर मांजराच्या मानेवर ओझं.

तुमच्यासाठी सरळ जीपीएस लॉगर घ्या. जीपीएस मॉड्यूल, छोटा मायक्रोकंट्रोलर, मेमरी आणि ४०० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी. सगळं मिळून २५ ते ३० ग्रॅममध्ये बसतं. तो काही पाठवत नाही, लिहून ठेवतो. सकाळी केबल लावून फाइल काढायची आणि गूगल अर्थवर उघडायची.

बॅटरीचा हिशेब समजून घ्या, तिथेच लोक फसतात. जीपीएस चालू असताना साधारण ३० मिलीअँपिअर खातो. सतत चालू ठेवला तर तुमची बॅटरी कागदावर तेरा तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून दर तीन मिनिटांनी जागा करायचा, ठिपका घ्यायचा आणि झोपवायचा. पण झोपवताना त्याचा बॅकअपचा पुरवठा तोडायचा नाही. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने सांगतो आणि तो दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. तो एकदा पूर्ण ऐकला की काही तास पुरतो, एसटीचं वेळापत्रक खिशात असल्यासारखं. पुरवठा तोडलात तर दर वेळी अर्धा मिनिट किंवा जास्त ऐकत बसावं लागतं, आणि बोका तोपर्यंत पत्र्याखाली गेलेला असतो. पुरवठा ठेवलात तर उघड्यावर काही सेकंदांत ठिपका मिळतो.

आणि अँटेना आकाशाकडे हवी. बॅटरी हनुवटीखाली आणि अँटेना मानेच्या वरच्या बाजूला अशी मांडणी करा, म्हणजे बॅटरीच्या वजनाने पट्टा सरळ राहतो. जंगली प्राण्यांच्या कॉलरमध्येही हेच तत्त्व असतं. धातूची डबी वापरू नका, सिग्नल आत येणार नाही. श्रिंक ट्यूबमध्ये (गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) बंद करून टोकं सिलिकॉनने भरा.

पशुवैद्य_मिरज
वजनाबद्दल. शरीराच्या वजनाच्या ५ टक्के हा आकडा सगळीकडे फिरतो, पण मी २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. गुंड्याचे २ टक्के म्हणजे ८५ ग्रॅम होतात, तरीही मानेवर ४० ग्रॅमच्या आतच थांबा. वजनाइतकाच आकार त्रास देतो. टोकदार कोपरा असेल तर कातडी सोलवटते.

वजनाहून महत्त्वाचं आहे बक्कल. जोराची ओढ बसली की आपोआप सुटणारं बक्कलच वापरा. ट्रॅकर हरवला तर पुन्हा करता येईल. साधं पक्कं बक्कल कौलाच्या खिळ्यात किंवा फांदीत अडकलं तर बोका लटकतो. इलास्टिकचा पट्टाही नको, त्यात पुढचा पाय अडकून काखेत खोल जखमा झालेली मांजरं माझ्याकडे येतात. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आधी काही दिवस नुसता रिकामा पट्टा घाला, मग त्यात यंत्र.

आणि एक विचारतो. गुंड्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? रेबीजची लस?

कौलारू
लस दर वर्षी देतो. ऑपरेशन झालेलं नाही, घरात त्यावर एकमत नव्हतं.

सोल्डरवाला, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्याला तुमचा प्रतिसाद दाखवला. तो मॉड्यूल मागवतोय.

पशुवैद्य_मिरज
मग ट्रॅकरसोबत ऑपरेशनचाही विचार करा. नसबंदी न झालेला बोका माद्यांच्या मागे लांब जातो आणि दुसऱ्या बोक्यांशी भांडतो. चाव्यांतून गळवं होतात आणि मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा एफआयव्ही विषाणूही पसरतो. ऑपरेशननंतर बहुतेक बोक्यांचं भटकणं कमी होतं.

ध्रुवतारा
कॅमेराच लावा की! २००७ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या युर्गेन पेर्टहोल्ड या जर्मन इंजिनिअरने आपल्या मिस्टर ली नावाच्या बोक्याच्या गळ्यात छोटा कॅमेरा अडकवला होता. तो ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायचा. गाड्यांखालची, कुंपणापलीकडची दुसरी मांजरं असे फोटो आले आणि जगभर गाजले. प्रश्न अगदी हाच होता, दिवसभर हा असतो कुठे. फोटोत पीठ की चुना तेही दिसेल.

लिंबोणी
कॅमेऱ्याला माझा विरोध आहे. मांजर लोकांच्या स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या खिडकीत, माडीवर कुठेही जातं. जुन्या वाड्यांत तर दारं उघडीच असतात. शेजाऱ्यांच्या घरातले फोटो आपल्याकडे त्यांच्या नकळत यावेत, हे मला अजिबात पटत नाही. जीपीएसचा ठिपका फार तर घर सांगतो, घरात काय चाललंय ते सांगत नाही.

ध्रुवतारा
मुद्दा मान्य. आपल्या दाटीच्या वस्तीत कॅमेरा नकोच. पण कॅमेऱ्यातून जे कळलं ते सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतलं जॉर्जिया विद्यापीठ आणि नॅशनल जिओग्राफिक यांनी तिथल्याच अथेन्स शहरातल्या मांजरांना कॅमेरे लावले होते, २०१२ मध्ये निष्कर्ष आले. ५५ मांजरांपैकी ४४ टक्के मांजरं शिकार करत होती, पण मारलेल्यापैकी पाव हिश्श्याहून कमीच घरी आणत होती. म्हणजे मालकाला दिसतं ते थोडंच. आणि त्यातली चार मांजरं चक्क दुसऱ्या घरीही पाळीव म्हणून राहत होती. गुंड्याचं वजन न जेवता वाढतंय, म्हणून मला हे आठवलं.

थेम्सकाठी
उसाच्या फडांच्या प्रश्नाला धरून. २०२० मध्ये सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांच्या जीपीएस नोंदींचा एकत्र अभ्यास आला. सरासरी वावर ३.६ हेक्टर निघाला, म्हणजे साधारण नऊ एकर, आणि बहुतेकांचा बराचसा वेळ आपल्या अंगणापासून शंभर मीटरच्या आत जात होता. मालकांना मात्र आपलं मांजर मैलोन्मैल फिरतं असंच वाटत असतं. तुमचा बोका नदी ओलांडत असेल असं मला वाटत नाही.

रानवाटा
थेम्सकाठी यांचे आकडे बरोबर आहेत, पण ती मांजरं बिबट्यांच्या प्रदेशातली नाहीत. मी अकोले तालुक्यातला. आमच्याकडे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. खाद्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, त्यात कुत्री ३९ टक्के आणि मांजरं १२ टक्के. उसाच्या पट्ट्यात रात्री मांजर बाहेर ठेवणं म्हणजे काय, ते या आकड्यांतून कळतं. वाई परिसरातही बिबट्या आहे, म्हणून कळकळीने सांगतोय.

कॉलरचा विषय निघालाच आहे तर, २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या बिबट्याला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. त्याचं नाव आजोबा. तो तिथून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, वाटेत वस्त्या, महामार्ग, रेल्वे ओलांडत, कोणालाही इजा न करता. कॉलर नसती तर त्या वाटेचा कोणाला पत्ताही लागला नसता. तुमच्या गुंड्याचा नकाशा आला की इथे नक्की टाका.

कौलारू
भाच्याने यंत्र बनवलं, वजन पट्ट्यासकट ३४ ग्रॅम. गुंड्याने आधी मान झटकली, मग विसरला. पहिल्या काही रात्रींच्या फाइली उघडल्या आणि मी घाबरले. ठिपके गणपती घाटापलीकडे कृष्णेच्या पात्रात आहेत! काही तर पलीकडच्या काठावर. एका ठिकाणाहून तीन मिनिटांत तो अर्धा किलोमीटर जाऊन परत आलेला दिसतो. हा खरंच नदीपलीकडे जातोय का?

सोल्डरवाला
घाबरू नका. वर्षातल्या कोणत्याही महिन्यात पात्रातून पोहत जाऊन कोरडा परत येणारा बोका नसतो. हे परावर्तन आहे. अरुंद बोळात उपग्रहाचा सिग्नल सरळ येत नाही, भिंतीवर आपटून येतो. त्यामुळे त्याचा प्रवास लांबतो आणि मॉड्यूल जागा चुकीची काढतं.

एक चाचणी करा. गुंड्याला घालण्याआधी पट्टा एक रात्र गच्चीवर किंवा कौलावर उघड्या आकाशाखाली ठेवा आणि दुसऱ्या रात्री वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावनावर. पट्टा जागचा हलणार नाही, त्यामुळे जे ठिपके विखुरतील ती निव्वळ चूक. तेवढं अंतर ध्यानात ठेवूनच पुढचे नकाशे वाचा.

मग फाइलमधून तीन प्रकारचे ठिपके काढून टाका. सहापेक्षा कमी उपग्रह असलेले, एचडीओपी हा आकडा (उपग्रह आकाशात किती नीट पसरलेत ते सांगतो, कमी तितका चांगला) अडीचच्या वर असलेले, आणि आधीच्या ठिपक्यापासून मांजराला धावून गाठता येणार नाही इतके लांबचे. मॉड्यूल रशियाच्या ग्लोनास आणि युरोपच्या गॅलिलिओचे उपग्रहही घेत असेल तर ते सेटिंग चालू करा, बोळात आकाशाची पट्टी अरुंद असल्याने जितके उपग्रह जास्त तितकं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठिपके कुठे आहेत यापेक्षा ते कुठे थांबतात ते बघा. बोका पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली गेला की नोंदच होत नाही. नोंद जिथे तुटली आणि दोन तासांनी जवळपास तिथेच पुन्हा सुरू झाली, तिथे तो आत बसला होता. अशा तुटीची जागा रोज तीच असेल तर तुमचं उत्तर तिथे आहे.

रानवाटा
तुटीबद्दलचं हे निरीक्षण फार मोलाचं आहे.

कौलारू
चाचणी केली. उघड्यावर ठिपके सात-आठ मीटरच्या आत राहिले, चौकात मात्र चाळीस मीटरपर्यंत पसरले. तुम्ही सांगितलेल्या तीन चाळण्या लावल्यावर नदीतले सगळे ठिपके गेले. गुंड्या नदीकडे जातच नाही. त्याचा सगळा वावर आमच्या आळीत आणि शेजारच्या ब्राह्मणशाहीत आहे, थेम्सकाठी यांनी सांगितलेल्या नऊ एकरांहून लहानच.

आणि तुटी! रोज दोन. पहिली रात्री नऊच्या आसपास, एका कोपऱ्यावर. जाऊन बघितलं तर तिथे पिठाची गिरणी आहे, वरून पत्रा. दुसरी तुटी मध्यरात्रीनंतर, ब्राह्मणशाहीतल्या एका स्लॅबच्या घरापाशी.

गिरणीत गेले. मालकांनी बोका ओळखला. गिरणी बंद झाली की तो वरच्या फटीतून आत येतो आणि पोत्यांमध्ये उंदरांच्या मागे असतो, म्हणून पोटाला पीठ. दुसऱ्या घराला लिंबोणीताईंची चिठ्ठी बांधून पाठवली. दुसऱ्याच दिवशी फोन आला. आजी-आजोबा दोघंच राहतात, गुंड्याला "काळू" म्हणतात आणि रात्री दूध-पोळी आणि सुकटीचा चुरा देतात. म्हणून वजन वाढतंय.

पशुवैद्य_मिरज
पीठ निघालं हे उत्तम. पण गिरणी म्हटल्यावर लगेच विचारतो, मालक उंदरांना औषध घालतात का? झिंक फॉस्फाइडची गोळी असेल किंवा रक्त पातळ करणारं विष, दोन्ही बोक्याला घातक आहेत. विष खाल्लेला उंदीर खाऊनही बाधा होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या विषाचा परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त येतं, बोका मरगळतो. त्यावर व्हिटॅमिन के१ देता येतं, पण वेळेत आणलं तरच. चिकटपट्टीचे सापळेही नकोत.

आजींना सांगा, दूध बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही. सुकट धुऊन, मीठ काढून, चिमूटभर.

कौलारू
विचारलं. मालक महिन्याला विषाच्या गोळ्या ठेवायचे, गुंड्या यायला लागल्यापासून उंदीर कमी झाले म्हणून दिवाळीनंतर ठेवल्या नाहीत. पण जुन्या काही गोळ्या मागच्या भिंतीपाशी होत्या. आमच्यासमोर त्यांनी फडक्याने उचलून पिशवीत बांधून टाकल्या, आणि पुन्हा ठेवणार नाही असा शब्द दिला. पुन्हा ठेवायची वेळ आलीच तर आधी फोन करणार आहेत. आजींनी दूध बंद केलं आहे.

नसबंदीची तारीख घेतली आहे. सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, फार आभार.

अंबाडी
धागा आजच वाचला. आमची मांजर चिपळूणला रोज दुपारी गायब होते, तिच्यासाठी हेच यंत्र करायचं आहे. तीन मिनिटांचं अंतर दुपारीही पुरेल का? मांजर साडेतीन किलोची आहे.

सोल्डरवाला
पुरेल. वजनही चालेल, पण बॅटरी २५० एमएएचची घ्या, काही तासांसाठी ती भरपूर आहे आणि काही ग्रॅम वाचतात. चिपळूणला पावसाळा मोठा, तेव्हा चार्जिंगचं तोंड रबरी बुचाने बंद करा. आणि मोकळ्या आकाशाखालची चाचणी पट्टा घालण्याआधीच करून घ्या. फाइल आली की इथे टाका, चाळण्या लावून देतो.